तळ्यात कोण उतरणार?

आमचे साहेब कुठल्याही गावात शिरायचे ते मागच्या बाजूने. वेशीत सरपंच हार घेऊन ताटकळलेले, ग्रामसेवक सारखा फोन लावतोय, आणि साहेबांची जीप कधीच गावाला वळसा घालून उकिरड्यांच्या अंगाला जाऊन थांबलेली. गावाचं गटार जिथे संपतं तिथे ते आधी जायचे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायात प्लास्टिकच्या चपला, हातात काळी छत्री. तिथे नुसते उभे राहायचे. छातीभर श्वास घ्यायचे. मग लग्नघरी आल्यासारख्या प्रसन्न चेहऱ्याने म्हणायचे, "चला, आता गाव बघू."

पुढून गेलं की गाव आपल्याला दाखवायचं तेवढंच दाखवतं, असं त्यांचं म्हणणं. मागून गेलं की सगळं कळतं. परवा कुणाकडे पंगत उठली, कुणी कपडे धुवायचं मशीन घेतलं, हळद शिजवायला सुरुवात झाली की नाही, हे ते पाण्याच्या रंगावरून सांगत आणि बहुतेक वेळा बरोबर सांगत. एका गावात ग्रामसेवक छाती फुगवून म्हणाला, की आमचं गाव पूर्ण हागणदारीमुक्त आहे. साहेबांनी फक्त छत्रीचं टोक बाभळीच्या दिशेने धरलं. त्यानंतर तो ग्रामसेवक दिवसभर आमच्या मागूनच चालत होता.

साहेब म्हणजे नांदेडला आमचे उपअभियंता. मूळचे उदगीरचे. बोलणं मराठी, त्यात निजामाच्या वेळेपासून राहून गेलेले शब्द, आणि राग आला की थेट कानडी. कानडी सुरू झाली की ऑफिसातली माणसं फायली उचलून कामाला लागायची. मी त्यांच्या हाताखाली कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झाले तेव्हा मला कानडीही येत नव्हती आणि गटारातलंही काही कळत नव्हतं.

मी विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले. इतकी वर्षं तिथल्या धरणाच्या भिंतीकडे बघत अभ्यास केला की वाटायला लागतं, आपणही असंच काहीतरी दांडगं बांधणार. अण्णांना तर खात्रीच होती. अण्णा म्हणजे माझे वडील, अहमदपूरकडच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. त्यांच्या डोळ्यांसमोर एक पूल होता आणि त्या पुलावर मी उभी होते. नेमणूक झाली ती सांडपाण्याच्या कामावर. मी ते अण्णांना फोनवर सांगितलं.

अण्णा ओरडणारे नव्हेत. ते म्हणाले, "तुझ्या आजोबानं गावची मेलेली ढोरं वढली. मी शाळेत गेलो ते त्याच्यापासून लांब पळायला. आन् तू इंजिनिअर होऊन गावाच्या घाणीतच चाललीस." मग म्हणाले, "कर नोकरी. पण तुझ्या सायबाला एक विचारून ठेव. ते तळंबिळं बांधाल, ते साफ कोण करणार?"

प्रश्न मी विचारला, पण लगेच नाही. आधी मला साहेबांची सवय व्हायची होती, आणि ती सोपी गोष्ट नव्हती.

साहेबांचा सगळा जीव तळ्यांत होता. छोट्या गावाचं सांडपाणी शुद्ध करायला त्यांना यंत्र नको होतं. त्यांची पद्धत साधी. सगळ्या गावाचं पाणी उताराने एका तळ्यात आणायचं. या पहिल्या तळ्यात जड घाण खाली बसते. वरचं पाणी दुसऱ्या तळ्यात जातं, तिथे ऊन आणि शेवाळ आपापलं काम करतात आणि तळं हिरवंगार होतं. तिसऱ्यात राहिलंसाहिलं निवळतं, आणि तिथून बाहेर पडणारं पाणी केळीला द्यायला चालतं. बस्स. एकदा एक विक्रेता पुण्याहून यंत्राची चित्रं घेऊन आला होता. चकचकीत टाक्या, पंखे, पंप, निळे दिवे. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, त्याला चहा पाजला आणि विचारलं, लाईट गेल्यावर हे काय करतं? तो म्हणाला, बंद पडतं. साहेब म्हणाले, माझं तळं लाईट गेली तरी चालू राहतं, सुट्टीच्या दिवशी चालू राहतं, आणि मी मेल्यावर पण चालू राहील. तो विक्रेता चित्रं टेबलावर विसरून गेला. साहेबांनी त्यांच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर तळ्यांचे नकाशे काढले.

"बसू द्या" हा त्यांचा मंत्र. तळ्यातल्या घाणीला लागू होता तसा तो जगातल्या सगळ्या गोष्टींना लागू होता. ऑफिसात दोघांची जुंपली की साहेब दोघांना समोरासमोर खुर्च्या देऊन काही न बोलता बसवून ठेवत. बसू द्या, खाली बसंल. वरून कडक पत्र आलं की ते टेबलाच्या कप्प्यात. बसू द्या. त्यातली निम्मी पत्रं खरोखरच खाली बसायची, हे मला कबूल करायला हवं. माणसांचीही त्यांनी तळ्यांप्रमाणे वर्गवारी केली होती. तावातावाने बोलणारा तो पहिल्या तळ्यातला. थोडंफार ऊन खाल्लेला, पण अजून वास येणारा तो दुसऱ्या तळ्यातला. तिसऱ्या तळ्यातला माणूस त्यांच्या मते अख्ख्या जिल्हा परिषदेत एकच होता, आणि तो शिपाई होता. तो दिवसभर झोपायचा.

ऑफिसच्या ग्रुपवर सकाळी सगळे गुलाबाची फुलं, उगवता सूर्य, सुविचार टाकायचे. साहेब तळ्याचा फोटो टाकायचे. हिरवं, शेवाळलेलं तळं, खाली दोन शब्द, शुभ सकाळ. नाश्त्याच्या वेळेला. लेखा विभागातल्या एका बाईंनी एकदा ग्रुपवर हात जोडले. साहेबांना वाटलं, त्यांनी नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच तळ्याचा आणखी जवळून काढलेला फोटो टाकला.

लग्नाला गेले की ते नवरा-नवरीला आहेर द्यायच्या आधी मांडवाच्या मागे जायचे, भांडी घासतात तिथे. पाणी कुठे जातं ते बघायचे. आहेर म्हणून कर्दळीचे कंद द्यायचे, मोरीच्या पाण्यावर लावायला. त्यांच्या बायको मला एकदा म्हणाल्या, लग्न ठरायच्या आधी हे मला बघायला आले होते, आणि यांनी मला काही न विचारता आमच्या वडिलांना न्हाणीचं पाणी कुठं सोडता ते विचारलं. वडिलांना वाटलं, मुलगा शेतीतला दिसतो. हे सांगताना त्या हसत होत्या, म्हणून मीही हसले.

या माणसाला हे वेड लागलं कुठून, याचं मी बरेच दिवस कारण शोधलं. लहानपणी काही झालं असेल, कुणी आजारी पडलं असेल. काहीही सापडलं नाही. साहेबांना तळी आवडत होती, इतकंच. काहींना पत्ते आवडतात.

पण तोपर्यंत साहेबांचं एकही तळं धड टिकलं नव्हतं. एकात क्रिकेटचं मैदान झालं. एक कुणीतरी बुजवून सोयाबीन पेरलं. एका गावाने तळ्यावर सभामंडप बांधला, आणि उद्घाटनाला साहेबांनाच बोलावलं. ते गेले, आणि परत येताना जीपमध्ये कानडीसुद्धा बोलले नाहीत. निवृत्ती जवळ आली होती. त्यांना एक तळं हवं होतं, जे त्यांच्यामागे गाव सांभाळेल.

ते गाव मिळालं अर्धापूरच्या पलीकडे. नाव सांगत नाही, सरपंच अजून तेच आहेत. केळी आणि हळदीचं गाव, काळी जमीन, पैशाला बरं. गावाला उतार होता आणि उताराच्या शेवटी भीमनगर होतं. वरच्या सगळ्या घरांचं पाणी वाहत वाहत भीमनगरात यायचं, आणि भीमनगरातही सगळ्यात शेवटी गयाबाईचं घर. गयाबाई अंगणवाडीत मदतनीस. तिच्या दारातून ते काळं पाणी जायचं आणि पुढे ओढ्याला मिळायचं. दारात फरशीचा एक तुकडा टाकलेला होता, त्यावरून घरात जायचं. तिला अंगण असं नव्हतंच.

साहेब नेहमीप्रमाणे मागून शिरले, म्हणजे थेट गयाबाईच्या दारात आले. तिने आम्हाला बघितलं, मला नाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि मग म्हणाली, "जय भीम. आपलीच हाईस की." तांब्याभर पाणी आणून दिलं. मी पाणी पीत असताना तिने हळूच विचारलं, "एवढं शिकून आमच्या गटारावरच आलीस व्हय गं?" कुचकट नव्हतं ते. तिला खरंच वाईट वाटलं होतं माझं, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं.

नेमकं त्याच वेळी साहेब त्या गटारात पोटरीपर्यंत उतरून मोजणीची पट्टी धरून उभे होते आणि मला म्हणत होते, या इंजिनिअरबाई, उतरा, पाण्याला उतार किती हाय ते पायाला कळतंय. वरच्या आळीची माणसं जमली होती. साहेबांकडे कौतुकाने बघत होती. केवढा मोठा साहेब आणि बघा.

मी चिडले की माझी नांदेडची भाषा गळून पडते आणि घरची येते. मी म्हणाले, "सायेब, तुमी गटारात उतरलात की लोक म्हणतात, सायेब छंदी हाय. मी उतरले तर कुणाला नवल सुदिक वाटणार न्हाई. म्हणतील, बरोबर हाय, त्यांचंच काम हाय ते. आन् उद्या तुमचं तळं गाळानं भरल्यावर त्यात कोण उतरणार? ह्याच दारातली माणसं ना?"

जमलेली माणसं इकडेतिकडे बघायला लागली. साहेब पाण्यात पट्टी धरून तसेच उभे होते. मला वाटलं, आता कानडी. पण ते बाहेर आले, गयाबाईकडून पाणी मागून पाय धुतले, आणि मोजणी तशीच टाकून जीपमध्ये जाऊन बसले. माझी बदली किनवटला होणार, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं. समोर कागद होता. पहिलं तळं त्यांनी मधे बांध घालून दोन भागांत तोडलं होतं. एक भाग चालू ठेवायचा, दुसरा बंद करून वर्षभर उन्हात वाळवायचा, म्हणजे त्यातला गाळ माती होतो. मग पाळी बदलायची. ओल्या घाणीत कुणीही, कधीही उतरायचं नाही. ते म्हणाले, "हे माझ्या डोक्यात आधी याया पाहिजे होतं. न्हाई आलं. पण वाळलेल्यात तरी कोण उतरंल, ते मला आज सांगता येत न्हाई, इंजिनिअरबाई. तुमचा सवाल निम्माच सुटलाय."

मी अण्णांना तसंच सांगितलं. निम्मा सुटलाय. अण्णा म्हणाले, निम्म्या सवालाला मी कधी मार्क देत नव्हतो.

त्या दिवसापासून साहेबांनी मला कधी उतरा म्हटलं नाही. पट्टी स्वतः धरायचे आणि मी वरून मोजणीच्या दुर्बिणीतून आकडे वाचायचे. लोकांना ते उलटं वाटायचं. साहेब खाली आणि पोरगी वर.

मग म्हशींचं प्रकरण झालं. काळ्या जमिनीची खोड सगळ्यांना माहीत आहे. ओली असली की पाणी धरते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तळ्याच्या तळाला म्हणून पिवळी चिकण माती अंथरून घट्ट दाबावी लागते. दाबायला रोलर येणार होता. रोलर आज येतो, उद्या येतो, करता करता उन्हाळा संपत आला. साहेबांनी एक दिवस छत्री मिटली आणि सरपंचांना विचारलं, गावात म्हशी किती आहेत?

गावच्या सगळ्या म्हशी तळ्यात उतरवल्या. चिकण माती भिजवली आणि म्हशींना गोल गोल फिरवलं. मागे साहेब, चिखलाने माखलेले, हातात छत्री, म्हशींना कानडीत काहीतरी समजावत. उदगीरच्या बाजाराच्या म्हशी आहेत, मराठी यांना अर्धवट कळतं, असं त्यांचं म्हणणं. दिवस मावळेपर्यंत तळ असा झाला, जसं नुकतं सारवलेलं घर. साहेब त्यावरून हात फिरवत राहिले. आणि लगेच फर्मान काढलं, की या तळावर जेसीबी कधीही चालवायचा नाही, त्याच्या दातांनी हे सगळं फाटेल. म्हणजे पुढे गाळ काढायचा तर माणसांनीच, फावड्यांनी. माझा उरलेला निम्मा प्रश्न आणखी अवघड झाला होता, पण त्या वेळी म्हशी बघून मी इतकी हसत होते की बोलले नाही.

पाऊस झाला, तळी भरली, दुसरं तळं हिरवं झालं. ग्रुपवर फोटो आला. गयाबाईच्या दारातलं गटार वळवून तळ्याकडे नेलं. तिने फरशीचा तुकडा काढला, जागा सारवून घेतली आणि तिथे खाट टाकून बसली. त्या दिवशी ती खाटेवरून उठतच नव्हती, असं तिच्या सुनेने मला सांगितलं.

आणि मग म्हशी आल्या. कुणी आणल्या नव्हत्या. त्यांना जागा आठवत होती. दुपारी चरून परत येताना एकेक करून त्या वळल्या आणि तिसऱ्या तळ्यात जाऊन डुंबायला लागल्या. रोज. गावात बोंब झाली की आता दूध हिरवं येणार. डेअरीवाला दूध हुंगून घ्यायला लागला. बांध ढासळला. सरपंच तावातावाने ऑफिसात आले, म्हणाले, तुमीच सवय लावली, आता तुमीच समजावा त्यांना. साहेबांना मात्र आनंद लपवता येत नव्हता. एवढे नमुने प्रयोगशाळेत पाठवले, म्हणाले, पण म्हशीसारखं सर्टिफिकेट कुणी दिलं नाही.

शेवटी तळ्यांच्या खाली एक उथळ डबकं खोदलं, बाहेर पडणारं पाणी त्यात सोडलं आणि म्हशींना तिकडे वळवलं. आता सरकारी कामात म्हशींसाठी डबकं कसं दाखवायचं? साहेबांनी नकाशावर लिहिलं, अंतिम निवळण टप्पा. पाहणीला आलेले मोठे अधिकारी त्या टप्प्यापाशी बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, ही कल्पना इतर जिल्ह्यांनी घ्यायला हरकत नाही. तेवढ्यात अंतिम टप्प्यातून एका म्हशीने डोकं वर काढलं. साहेब दुसरीकडे बघत होते.

साहेब निवृत्त झाले. उदगीरला गेले. ग्रुपमधून त्यांना कुणी काढलं नाही, त्यामुळे फोटो येत राहिले. महिन्यातून एकदा ते एसटीने नांदेडला यायचे आणि तिथून गावाला जायचे, पाहुण्याकडे जावं तसे. तळी टिकली होती. आणि काही वर्षांनी जे व्हायचं ते झालं. पहिल्या तळ्याचा एक भाग गाळाने भरत आला. आम्ही तो बंद करून पाणी दुसऱ्या भागात वळवलं, आणि पुढे काय, यासाठी ग्रामसभा भरली.

मी ऑफिसतर्फे गेले होते. साहेब कोपऱ्यात छत्री धरून बसले होते. सरपंच म्हणाले, काळजीचं कारण नाही. वाळलं की भीमनगरातली चार-सहा माणसं लावू आणि काढून टाकू. हे ते इतक्या सहज म्हणाले की त्यात काही वावगं आहे, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. सभेच्या तर मुळीच नव्हतं. माझी कानशिलं तापली. मी उठणार, तेवढ्यात मागून गयाबाई उठली.

ती म्हणाली, "आमची माणसं न्हाई उतरणार. गाव सगळ्यांचं, तर घाण बी सगळ्यांची हाय."

मग कुणीतरी मागून म्हणालं, तर मग तळं बंद करा, गटार होतं तिकडं परत सोडा. दोन-चार माना हलल्याही. म्हणजे पुन्हा गयाबाईच्या दारातून. ते वाक्य ऐकून गयाबाई खाली बसली. तिने डोक्यावरचा पदर घट्ट धरून ठेवला होता. मला आजही ते आठवलं की त्या सभेचा राग येतो.

साहेब उठले. आता ते कुणीच नव्हते, त्यांना बोलायचा अधिकारही नव्हता. ते अगदी गरिबासारखे म्हणाले, की भांडता कशाला, माझं एक ऐका. गाळ कुणावर लादायचा नाही. ज्याला पाहिजे त्याने न्यावा, फुकट. फक्त एक अट. "ज्याच्या शेतात जाणार, त्याचेच पाय आत पडले पाहिजेत. गडी न्हाई, मजूर न्हाई. मंजूर असंल तर हात वर करा."

सभा हसली. ही घाण घरी न्यायला कोण येतंय? म्हाताऱ्याच्या डोक्यात ऊन गेलंय. हसत हसत सगळ्यांनी हात वर केले. सरपंचांनी दोन्ही केले. बाहेर आल्यावर मी साहेबांना विचारलं, की कुणीच आलं नाही तर? ते म्हणाले, "मी हाय की. रिकामाच हाय आता." आणि ते थट्टा करत नव्हते.

बंद भाग उन्हाळाभर वाळला, पावसाळ्यात भिजला, हिवाळ्यात पुन्हा वाळला. त्यावर आपोआप टोमॅटो उगवले. साहेबांनी फोनवरून सगळ्यांना बजावलं, की हे खायचे नाहीत. गयाबाईच्या शेळीने खाल्ले, तिला काही झालं नाही. साहेबांनीच सांगितलं म्हणून गयाबाईने त्या बंद भागाच्या आतल्या काठाला केळीचे कंद लावले होते. कशाला लावायचे ते तिला कळलं नव्हतं.

अर्धापूरच्या बाजूला माणसाची पत त्याच्या केळीच्या घडावर ठरते. पोराला नोकरी आहे की नाही ते नंतर. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गयाबाईच्या केळीला असे घड लागले की एकेकाला बांबूचे टेकू द्यावे लागले. पहिल्यांदा एकजण संध्याकाळी सहज फिरायला म्हणून आला आणि घडाला हात लावून गेला. मग दोघे आले. मग सरपंच आले. त्यांनी घड बघितला, तळ्यातली माती मुठीत घेतली, चुरली, नाकाशी नेली. कसलाच वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रॉली देऊन सालगडी पाठवला. गयाबाईने तो बांधावरूनच परत पाठवला. मालकाला म्हणावं, ठरावाला तुमचे दोन हात होते, आता दोन पाय आणा.

मला साहेबांचा फोन आला, उद्या या. अण्णा तेव्हा डोळे दाखवायला नांदेडला आले होते. मी म्हटलं, चला. नको म्हणत म्हणत आले. बांधाच्या खाली गाडीतून उतरल्यावर त्यांनी रुमाल काढून नाकाला लावला आणि तसेच वर चढले. गयाबाईने तिच्या अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणून बांधावर मांडल्या होत्या. जय भीम झालं. अण्णा बसले नाहीत.

खाली तळ्यात गावाचे सगळे बागायतदार होते. शर्ट काढलेले, डोक्याला टॉवेल, हातात फावडी. बांधाला ट्रॉल्यांची रांग लागलेली. ज्यांचा तुकडाभर कोरडवाहू होता असे भीमनगरातले दोघेही होते, पण इतरांसारखेच, आपल्या पाळीला, आपल्या शेतासाठी. कुणाच्या वाट्याला किती, यावरून भांडणं चालली होती. साहेब बांधावरून तेवढंच सांगत होते, हळदीला घालू नका, भाजीला घालू नका, केळीला घाला, तळाला फावडं लावू नका. मधोमध सरपंच घमेलं भरत होते. घामाने निथळत होते.

अण्णांनी मला विचारलं, मधला तो कोण? मी म्हटलं, सरपंच. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि परत बघितलं.

गयाबाई बांधाच्या कडेला गेली. आवाज न चढवता म्हणाली, "सरपंच, त्या कोपऱ्यात ऱ्हायलंय बगा. तेवढं बी घ्या."

सरपंच वळले. कोपऱ्याकडे गेले आणि तिथला गाळ भरायला लागले.

मी अण्णांकडे बघितलंच नाही. थोड्या वेळाने खुर्ची ओढल्याचा आवाज आला. अण्णा बसले होते. रुमाल त्यांनी घडी घालून खिशात ठेवला होता. ते शेजारच्या खुर्चीतल्या साहेबांना म्हणाले, "तुमचं लई नाव ऐकलंय. गटार दिसलं की उतरता म्हणं. आज न्हाई उतरलाव?"

साहेब खाली तळ्याकडे बघत होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेलीच होती. जरा खट्टू होऊन म्हणाले, "मला कोण उतरू द्यायलंय आता, गुरुजी? नंबर लागलेत."